दोनशे चौदाचा बिल्ला

शेषराव कोत्तावार मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते फोनवर खाणीच्या मॅनेजरसाहेबांना समजावून सांगत होते की, साहेब, तुम्ही अजून जमिनीखाली आहात. मॅनेजरसाहेब त्या वेळी आदिलाबादला, स्वतःच्या घरी, जेवणाच्या ताटावर बसले होते.

"तुमी घरी असान साहेब, मी कुठं नाई म्हनतो?" शेषराव अत्यंत प्रेमाने म्हणाले. "पन माझ्या फळ्यावर तुमी खाली हाये. तुमी येऊन बिल्ला फिरोल्याशिवाय मी पाळी बंद नाई करू शकत. हां हां, जेवून या. सावकाश."

हा फळा म्हणजे बत्तीघरातली सहा फुटी लाकडी पाटी. खाणीत उतरताना टोपीचे दिवे जिथून घ्यायचे त्या खोलीला आम्ही बत्तीघर म्हणायचो. फळ्याच्या उजव्या अंगाला लिहिलेलं 'वर', डाव्या अंगाला 'खाली', आणि दोन्हीकडे खिळे. प्रत्येक माणसाचा एक पितळी बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. उतरताना ज्याने त्याने आपल्या हाताने आपला बिल्ला उजवीकडून डावीकडे लावायचा; वर आल्यावर पुन्हा आपल्याच हाताने उजवीकडे. डावी बाजू रिकामी झाली की पाळी संपली. साहेब सकाळी पाहणीला उतरले होते आणि वर येऊन, बिल्ला विसरून, जीपने घरी गेले होते.

जीप परत आली. साहेब उतरले, फळ्यापाशी गेले आणि बिल्ला उजवीकडे लावला. मुलाखतीसाठी साहेबांची वाट बघणारी मी दाराशी उभी. शेषरावांनी वहीत वेळ लिहिली, टोपण लावलं आणि विचारलं, "पानी घेता का, साहेब?"

त्याच क्षणी मी ठरवलं की या खाणीत नोकरी करायची. नाटकाचं तिकीट काढायला नको, वर पगार.

ही मँगनीजची खाण तामसीच्या पुढे, एका खासगी कंपनीची. आता ती बंद आहे. मी आदिलाबादच्या जुन्या मराठी नोकरदार घरातली, कॉम्प्युटर शिकलेली, दोन लेकरांची आई. रोज तामसीच्या बसने जायचे-यायचे. शेषराव मला 'म्याडमबाई' म्हणायचे. साहेबांच्या समोर म्याडम म्हणावं लागे, आणि नुसतं म्याडम त्यांच्या जिभेला पटत नसे.

माणूस बुटका. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हाताला कायम चिंचेचा वास, कारण दर शुक्रवारी ते सगळे बिल्ले चिंच आणि राख लावून घासत. वडील तहसिलीत होते, त्यामुळे बोलण्यात रुजू, बयान, खुद्द, हुकूम असे शब्द घरच्या भांड्यांसारखे वाजत असायचे. फळ्याकडे पाठ करून ते कधीही बसले नाहीत. ज्वारीची भाकरी खायची ती फळ्याकडे तोंड करून. कोणी हाक मारली तर मान वळायची, पाठ नाही. खोलीतून बाहेर पडतानासुद्धा दारापर्यंत उलटे चालत जायचे, देवळातून निघावं तसे. नवीन माणूस हसायचा. महिन्याभराने हसायचा थांबायचा.

दुसरी खोड त्याहून भारी. दुसऱ्याच्या वतीने ते एक अक्षर बोलत नसत. "काका, डॉक्टर आले का?" "त्यायलेच इचारा." "काकूंची तब्येत कशी आहे?" "तिलेच इचारा." एका लग्नात यजमानाने हौसेने विचारलं, "या या शेषराव, घरचे सगळे आले ना?" शेषराव म्हणाले, "मी आलो." बायको शेजारीच उभी होती, पैठणी नेसून.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही असे काऊन हो?"

त्यांनी हातातला बिल्ला घासणं थांबवलं नाही. "लई वर्सामागं एकदा दुसऱ्याच्या तोंडावर बिल्ला फिरोला होता," ते म्हणाले. "मुकादम म्हने, तो गेला घरी, मी पाह्यला. मी म्हनलं, बरं. तो खालीच होता."

घासलेला बिल्ला त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि दुसरा घेतला.

मग कंपनीला कॉम्प्युटरचं वारं लागलं. रजेची एक प्रणाली, सामानाच्या कोठाराची एक, वैद्यकीय तपासणीची एक. प्रत्येकीचे पासवर्ड वेगळे. माणसं ते विसरायची, म्हणून दवाखान्याच्या कंपाउंडरने सगळ्यांचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली लिहून ठेवले होते. त्या भिंतीवरच्या पालीने मनावर घेतलं असतं तर तिला रजा मंजूर करून घेता आली असती.

हे निस्तरण्याचं काम माझ्याकडे आलं. उपाय जगभर एकच असतो: माणसांची एक मध्यवर्ती यादी करायची, तिला डिरेक्टरी म्हणतात. नाव, नंबर आणि पासवर्ड फक्त तिथे. बाकी प्रणालींनी आपापल्या याद्या फेकून द्यायच्या आणि कोणी दार वाजवलं की डिरेक्टरीला विचारायचं. मॅनेजरसाहेबांना हे समजावायला मला तीन दुपारी लागल्या, आणि चौथ्या दुपारी त्यांनी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला. शेषराव कोपऱ्यात बसून ऐकत होते.

"म्हंजे फळाच झाला ना हा," ते म्हणाले. "दवाखान्यानं, कोठारानं आपापल्या घरी यादी ठेवाची नाई. फळ्याले इचाराचं, का हा मानूस तोच हाये का. फळा हो म्हनला, तं दार उघडाचं."

"अगदी तेच, काका!"

"मंग यात नवीन काय करून राह्यल्या तुमी, म्याडमबाई?"

साहेब एवढे हसले की डिरेक्टरी सांभाळायचं काम त्यांनी जागच्या जागी शेषरावांना देऊन टाकलं. शेषरावांनी ते देवस्थानाचं पुजारीपण मिळावं तसं घेतलं. सर्व्हरच्या कपाटाला दसऱ्याला झेंडू, हळदकुंकू. कोणी पासवर्ड विसरलं तर त्याने खुद्द रुजू व्हायचं. फोनवर नाही, चिठ्ठीवर नाही. कोठारवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणला तेव्हा कुठे त्याला नवा पासवर्ड मिळाला. तो उतरताना जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. ते तेलुगूत होतं आणि फार सुंदर होतं.

आता या कामातला एक बारीक भाग सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बत्तीघराच्या खिडकीत एक पडदा लावला होता. उतरणाऱ्याने तिथे आपला नंबर आणि पासवर्ड टाकायचा. डिरेक्टरी सांगणार की हा तोच माणूस. मग माझी प्रणाली त्याची वैद्यकीय नोंद शोधणार. तपासणी झाली असेल तर पडदा हिरवा आणि दिवा हातात. नसेल तर लाल आणि घरी. प्रश्न एवढाच, की माणूस आणि त्याची नोंद एकमेकांना कशाने बांधायची? डिरेक्टरी प्रत्येकाला आतून स्वतःचा एक ओळख-क्रमांक देते. लांबलचक, अक्षरं-आकडे मिसळलेला, कुरूप. पण तो एकाचा दुसऱ्याला कधीच जात नाही. त्यानेच बांधावं, हे मला शिकवलेलं होतं. मी तो शेषरावांना दाखवला.

"ही काय गोम हाये का?" त्यांनी चष्मा वर केला. "ही गोम कोन वळखनार? मानसाले बिल्ला हाये. बिल्ल्याचा नंबर धरा."

मला ठाऊक होतं की असं करू नये. पण बिल्ल्याचा नंबर आधीच सगळीकडे होता, काम दोन दिवसांनी कमी होणार होतं, आणि साडेपाचची बस गाठायची होती. मी बिल्ला धरला.

शेषरावांच्या कडक कायद्यात एकच मऊ जागा होती. आमच्याकडे बापाच्या माघारी मुलगा कामाला लागला की त्याला बापाचाच बिल्ला द्यायची रीत होती. तामसीकडच्या गावांतून लोक दसऱ्याला विळा-नांगराबरोबर तो बिल्लाही पुजायला मागून न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. एखादा म्हातारा कामगार गेला की शेषराव त्याचा बिल्ला लाल फडक्यात बांधून आपल्या खणात ठेवत. ते फडकं सोडताना त्यांचा चेहरा एखाद्या लग्नघरातल्या मामासारखा व्हायचा.

सटवाजी म्हणून एक खाणकामगार होता, नंबर दोनशे चौदा. छातीच्या दुखण्याने घरीच वारला. काही महिन्यांनी त्याचा मुलगा गजानन त्याच्या जागी लागला. तिशीचा, लाजाळू, मानेला कायम मफलर. पहिल्या दिवशी आई आणि बायको सुनंदा त्याला पोचवायला आल्या, पेढे घेऊन. पेढ्यांचा वास आला म्हणून मीही बत्तीघरात हजर.

शेषरावांनी फडकं सोडलं. चिंचेने लखलखीत केलेला बिल्ला आईच्या हातात दिला, आईने तो डोळ्याला लावून गजाननाला दिला. डिरेक्टरीतून सटवाजीचं नाव शेषरावांनी त्याच्या मरणाच्या आठवड्यातच काढलं होतं. गजाननाची नवी नोंद त्यांनी सकाळी केली होती, नियमाप्रमाणे, त्याला समोर उभं करून. फक्त नंबर जुना.

गजाननाने अडखळत पासवर्ड टाकला.

"तपासनी झाली ना रे तुही?" शेषरावांनी विचारलं.

गजाननाने तोंड उघडलं. तेवढ्यात पडदा हिरवा झाला. 'तपासणी पूर्ण. उतरण्यास पात्र.'

शेषरावांनी पडद्याकडे पाहिलं, दिवा उचलला आणि त्याच्या टोपीला स्वतःच्या हाताने लावून दिला. "जा, बापू. बापाचं नाव राख." गजानन हसला. तो काय म्हणणार होता हे कोणी विचारलं नाही. मी दुसरा पेढा घेतला.

पडद्यावरची ती तपासणी सटवाजीची होती. डिरेक्टरीतून त्याचं नाव गेलं होतं, पण दवाखान्यातली त्याची नोंद दोनशे चौदा नंबराखाली तशीच होती.

गजाननाला लहानपणापासून मिरगी होती. लपवायची नव्हती, डॉक्टर बोलावतील तेव्हा सांगायचं असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. पण पडदा हिरवा म्हणून दवाखान्याच्या यादीत त्याचं नाव कधी आलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, खाली उताराच्या वाटेवर त्याला झटका आला. तो रुळांवर पडला. वरून दोराने सोडलेले डबे येत होते.

त्या दिवशी पाळी वर आली. एकेकजण फळ्यापाशी जायचा, आपला बिल्ला उजवीकडे लावायचा, बाजूला उभा राहायचा. गजाननाला आणलं, गाडीत ठेवलं, गाडी गेली. डावीकडे एक बिल्ला उरला. बराच वेळ सगळे त्याच्याकडे बघत होते. शेवटी मुकादमाला ते सहन होईना, त्याने हात पुढे केला. शेषरावांनी त्याचं मनगट धरलं.

"तो आलता का फिरवाले?"

"काका, तो आता..."

"त्याचा हात हाये का हा?"

मुकादमाने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रणाली उघडली. मला चूक सापडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. तशीच उठून बत्तीघरात गेले. शेषराव फळ्याकडे तोंड करून बसले होते, पुढ्यात एक कागद. तपासणीची तारीख त्यांनी पडद्यावरून उतरून घेतली होती, शेजारी गजानन कामाला लागल्याची. तपासणी आधीची होती.

"गोम," ते म्हणाले. एवढंच.

चौकशीला मुख्य कचेरीतून दोघे आले. त्यांना नोंदी दिसल्या त्या अशा: कामगार वारला, त्याच्याच नंबराने कोणीतरी पुढे तीन आठवडे प्रवेश घेत राहिलं, त्याच्याच तपासणीवर उतरत राहिलं. अहवालाचा मसुदा तयार झाला. मी तो टाइप केला, म्हणून मला तो पाठ आहे. 'मयत गजानन याने आपल्या दिवंगत वडिलांची ओळख वापरून व आजार लपवून खाणीत प्रवेश मिळवला.' या एका ओळीचा अर्थ असा, की सुनंदाला कंपनीत काम मिळणार नव्हतं, आणि गावात तिचा नवरा चोर ठरणार होता. ती कचेरीच्या पायरीवर बसलेली असायची. "आमी वाट पाहून राह्यलो होतो हो, डॉक्टर बलावतीन म्हून," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आमाले वाटलं, तुमच्या इकडं असंच असन."

मी शेषरावांना म्हटलं, "काका, जोडणी माझी आहे. मी साहेबांना सांगते." म्हटलं खरं. आवाज माझा होता, पाय जागचे हलले नव्हते. त्यांनी ते पाहिलं.

"तुमाले दोन लेकरं हायेत," ते म्हणाले. "मले रिटायर व्हाले तीन महिने राह्यले. बसा."

त्यांनी बयान लिहिलं. ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेले, मी मसुदा घेऊन मागे. साहेबांनी वाचलं. हेच ते साहेब, ज्यांना जेवणावरून उठून यावं लागलं होतं. ते हळूच म्हणाले, "शेषरावजी, यह मत दीजिए. तीन महीने में इज़्ज़त से घर जाइए. इसमें आपसे किसने पूछा है?"

"कोनी नाई इचारलं, साहेब," शेषराव म्हणाले. "त्यालेच इचारा म्हनलो असतो. पन तो सांगू शकत नाई. म्हून मी सांगून राह्यलो. दुसऱ्याच्या वतीनं पयल्यांदाच बोलून राह्यलो, चुकलं तं सांगा."

आणि त्यांनी ते उभ्याने वाचून दाखवलं. 'बिल्ला नंबर दोनशे चौदा गजाननाने मागितला नव्हता. तो मी खुद्द माझ्या हाताने दिला. त्याने कोणाचीही ओळख चोरली नाही. बापाची नोंद मुलाला लागू नये हे पाहणं माझं काम होतं, मी पाहिलं नाही. तपासणी झाली का, असं मी त्याला विचारलं. तो बोलणार होता. मी पडद्याचं ऐकलं.'

खाली तीन दस्तखती: मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. माझं नाव कुठेही नव्हतं. प्रणाली हा शब्दसुद्धा नव्हता.

मसुद्यातली ती ओळ गेली. तिच्या जागी शेषराव आले. त्यांना त्याच दिवसापासून कामावरून दूर केलं, आणि डिरेक्टरीतली त्यांची नोंद बंद करायचा हुकूम माझ्या टेबलावर आला. मी ती बंद केली. सुनंदाला दवाखान्याच्या खिडकीवर काम मिळालं. तिने नवा नंबर घेतला; जुन्याचं नाव कोणी काढलं नाही. त्याच आठवड्यात मी जोडणी दुरुस्त केली, बिल्ल्याच्या जागी ती गोम घातली. कामाच्या नोंदवहीत लिहिलं: किरकोळ सुधारणा.

कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी म्हणते. शेषराव म्हणाले असते, तिलेच इचारा. मला कोणी विचारलंच नाही.

महिन्याभराने ते काही कागदांवर सह्या करायला आले. फाटकावरचं यंत्रही मीच डिरेक्टरीला जोडलं होतं. मी आवारातून जात होते तेव्हा पाहिलं: पांढरा बुशशर्ट, दोन पेनं, यंत्रापुढे वाकून नंबर टाकताहेत. लाल दिवा. पुन्हा टाकला. लाल. मी धावत गेले, "थांबा काका, मी आतून उघडते."

"नका उघडू." ते सरळ उभे राहिले. "माझं नाव यादीत नाई. त्यानं मले वळखलं नाई, बराबर केलं. चांगलं जोडलं तुमी." हे टोमणा म्हणून नव्हतं. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कागद मी फाटकातूनच बाहेर दिले, त्यांनी भिंतीवर ठेवून सह्या केल्या. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "म्याडमबाई, एक काम करा. बत्तीघरात जाऊन पाहून या. दोनशे चौदा हाये का?"

मी गेले. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस भिंतीला टेकून बसला होता. पाळी नुकतीच सुटली होती, फळ्याची उजवी बाजू भरलेली. डावीकडे एकच बिल्ला, चिंच न लागल्यामुळे काळा पडत चाललेला. नव्या माणसाने मला सांगितलं की मुकादमाने दोनदा हुकूम दिला, पण त्याला हात लावायचा कोणाला धीर होत नाही. आता पाळी बंद करताना वहीत रोज लिहितात: डावीकडे एक.

मी परत फाटकाशी आले. "आहे, काका."

"तुमी सोता पाह्यला?"

"स्वतः पाहिला."

"खालीच ना?"

"खालीच."

त्यांनी मान हलवली. समोर तामसीवरून आदिलाबादला जाणारी बस येऊन थांबली होती. ते रस्ता ओलांडून गेले, दांडा धरला आणि खाणीकडे तोंड तसंच ठेवून, एक पाय मागे टाकून पायरी चाचपडत, उलटे चढू लागले. कंडक्टर म्हाताऱ्यावर तेलुगू-हिंदीत ओरडला, "अरे ओ पेद्दायना, सीधा चढो ना!" माणसं खिडकीतून डोकी काढून हसू लागली. ते चढत राहिले, एकेक पायरी, आमच्याकडे बघत.